हातानं लिहिलेली उत्तरं

मी जे काही शिकलो आणि शिकून जो काही झालो, तो अमरावतीच्या कॉलेजातल्या माझ्या रसायनशास्त्राच्या सरांमुळे. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या मुलीचा संसार आहे, नातवंडं आहेत, आणि सरांना जो रोग झाला त्याचं नाव आमच्याकडे अजूनही आवाज खाली करून घेतात. म्हणून नुसतं ‘सर’. बाकीच्यांचीही नावं मी त्याच कारणानं गाळली आहेत.

सर पत्रं जमवत. शास्त्रज्ञांची आणि नामांकित डॉक्टरांची, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली. तिकिटं जमवणारे त्या वेळी अमरावतीत पुष्कळ होते. एक वकील जुनी नाणी जमवत आणि दिवाळीला ती चिंचेनं घासून बैठकीत मांडून ठेवत. पण बडनेरा रोडवरच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात बसून जगभरच्या विद्वानांची हस्ताक्षरं गोळा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची एक पद्धत होती. ते कोणाकडे सही मागत नसत. “सही मागणाऱ्याला त्यांचा कारकून उत्तर देतो,” ते म्हणत. “प्रश्न विचारणाऱ्याला ते स्वतः देतात.” मग ते प्रश्न तयार करत. प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर आपल्या लायब्ररीतल्या पुस्तकात नाही, अर्ध्या पानात मावतं, आणि वाचल्यावर त्या माणसाला पेन उचलावंसं वाटतं. एकेका प्रश्नावर त्यांचे आठवडे जात. प्रश्न ठरला की स्वच्छ अक्षरात पत्र, सोबत परदेशी जबाबाचं कूपन, म्हणजे उत्तराच्या तिकिटाचा खर्च त्या माणसाला पडू नये. ते कूपन हेड पोस्टात मागितलं की तिथला कारकून दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा सरांकडे बघायचा आणि आतल्या खोलीत विचारायला जायचा.

निम्म्यांचं उत्तर येतच नसे. काहींचं टाइप करून येई. ते सर वाचत, जपून ठेवत, पण एका खाकी पाकिटात, वेगळं. “हे ऑफिसचं उत्तर.” हातानं लिहिलेलं आलं तर त्या दिवशी सर वर्गात पाच मिनिटं उशिरा येत आणि उगाचच खूश असत. ती पत्रं काळ्या पत्र्याच्या पेटीत जात, प्रत्येक पत्र पांढऱ्या कागदाच्या घडीत, तळाला कापूर आणि वाळलेला कडुनिंब. व्हिएन्नाच्या एका शस्त्रवैद्याचं पत्र होतं. कलकत्त्याच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानं शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांना शेंड्याकडून वाळ का लागते यावर लिहिलेलं होतं. प्लेगच्या साथीत हिंदुस्थानात काम केलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रज डॉक्टरचं होतं, अक्षर इतकं कापरं की एकेक ओळ वर चढायची आणि खाली घसरायची.

मी अकोटचा. बाप जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी उचले, माय कापूस वेचायला जाई. बाप नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि त्यानंतर आमच्या घरात पोराच्या शिक्षणाशिवाय दुसरा विषय राहिला नाही. मॅट्रिक झालो, स्कॉलरशिप मिळाली, अमरावतीला कॉलेजात आलो. पहिल्याच वर्षी सर पाण्याचा धडा शिकवत होते, तेव्हा मी उभा राहून विचारलं, “सर, आमच्याकडच्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते कावून?”

‘कावून’वर वर्ग हसला. सर थांबले. “जो हसला त्यानं उत्तर द्यावं.” कोणी दिलं नाही. मग सरांनी पाण्यातल्या क्षारांचं सांगितलं. मी बसायला हवं होतं, पण मी पुन्हा विचारलं, की नाल्याच्या या काठच्या विहिरीत डाळ शिजते आणि समोरच्या काठच्या विहिरीत शिजत नाही, अंतर दगड फेकला तर पोचेल एवढं, तर असं का? सरांनी खडू खाली ठेवला. “हे मला माहीत नाही,” ते म्हणाले. “संध्याकाळी घरी ये.”

संध्याकाळी गेलो. सरांनी पेटी ओढून बाहेर काढली, झाकण उघडलं आणि म्हणाले, “जा, हात धुऊन ये.”

मी जागचा हललो नाही. आमच्या माणसांना हे वाक्य कुठल्या कुठल्या दारात ऐकावं लागलं होतं ते मला माहीत होतं. इथंही तेच, असं मनात आलं आणि चपला कुठं काढल्या ते मी बघू लागलो. तेवढ्यात सर स्वतः मागच्या अंगणात गेले, तांब्या भरला आणि मला हाक मारली. माझ्या हातावर पाणी ओतलं. मग तांब्या माझ्याकडे दिला आणि आपले हात पुढे केले.

“आता माझ्या हातावर ओत. शाईला घाम चालत नाही. तुझाही नाही, माझाही नाही.”

मग त्यांनी व्हिएन्नाचं पत्र उचलून माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवलं. मला त्यातलं अक्षरसुद्धा कळलं नाही, ते जर्मन होतं. पण मी ते बराच वेळ धरून बसलो होतो.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून विहिरीच्या प्रश्नाचं पत्र लिहिलं, इंग्लंडातल्या एका रसायनशास्त्रज्ञाला. पत्र सरांनी तपासलं, पण खाली सही मला करायला लावली. पावसाळा संपता संपता उत्तर आलं. पाकिटावर माझं नाव होतं, मागं आडनाव, सगळं हातानं. मी ते घेऊन अकोटला गेलो. बाप जिनिंगच्या फाटकाशी डबा खात बसला होता.

“वाचता येते का तुले?”

“येते, बा. इंग्रजीत आहे.”

“वाच तं. मी आयकतो.”

मी सगळं वाचलं. बाप भाकरी हातात धरून ऐकत होता, एकही शब्द समजत नसताना. संपल्यावर म्हणाला, “एवढ्या दुरून तुले लिवलं? त्या मानसाले काई कामधंदा नसन.” आजूबाजूचे हमाल हसले, बापही हसला. पण मग पत्र धोतराच्या सोग्याला हात पुसून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. “सराच्या पेटीतच ठेव. आपल्या घराले पावसात भरोसा नाही.”

असं माझंही पत्र त्या पेटीत गेलं.

सरांना एकच इच्छा होती. ती ते सगळ्यांना सांगत, म्हणून मलाही पाठ होती. ही पेटी कॉलेजच्या लायब्ररीत लागली पाहिजे. “काचेच्या कपाटात नको,” ते म्हणत. “टेबलावर. अकोटच्या, वलगावच्या पोरानं यावं, हात धुवावेत, उचलावं आणि वाचावं. एवढ्या मोठ्या माणसानं एका मास्तरच्या प्रश्नाला उत्तर दिलं, तर आपणही विचारायला हरकत नाही, एवढं त्याला कळलं म्हणजे झालं.” ते स्वतः संशोधनाला जायचे होते, घरच्या परिस्थितीमुळे राहून गेलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलले ते पेटीबद्दल.

बी. एस्सी. झालो. आमच्या घरातला, आमच्या वस्तीतलाही पहिला. अकोल्याच्या हायस्कुलात विज्ञानशिक्षक म्हणून लागलो. सरांकडे जाणं सणासुदीला होऊ लागलं. पत्रं मात्र नियमित.

पुढं काही वर्षांनी अमरावतीहून माझ्या वर्गमित्राचं पत्र आलं. तो तिथंच, सरांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होता. त्यानं लिहिलं होतं, की सरांनी प्रॅक्टिकलमध्ये दिव्यावरची लोखंडी तिवई उघड्या हातानं उचलली, उचलून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि बोलतच राहिले. कातडं जळाल्याचा वास पहिल्या बाकावरच्या मुलाला आला. सरांना आला नाही. मुलानं सांगितल्यावर त्यांनी हात पाहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर अकोल्याला माझ्या खोलीवर आले. हाताला पट्टी. “अमरावतीत दाखवलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल,” ते म्हणाले. “इथं कोण चांगला आहे?” मी त्यांना एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनी डोळे मिटायला सांगून पिसानं हात तपासले, कोपराजवळची नस चाचपली, मग कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचपट्टीवर घेतलं. सर म्हणाले, “रंगवून झालं की मला बघू द्याल?” डॉक्टर थोडे बिचकले, पण हो म्हणाले. दुपारी आम्ही पुन्हा गेलो. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकून होते. मग बाजूला होऊन मला म्हणाले, “बघ.”

निळ्यावर लाल काड्या होत्या. पुष्कळ. जुड्या बांधल्यासारख्या.

“मुलांना दाखवायला इतकी चांगली स्लाइड मिळत नाही,” सर म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत, मीही हसलो नाही. सरांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसत राहिले.

महारोग. आमच्या गावात ज्याला झाला त्याला वेशीबाहेर खोपटं बांधून देत आणि भाकर लांबून टाकत.

सरांनी त्यांना जे येत होतं तेच केलं. दक्षिणेत या रोगावर आयुष्यभर काम केलेल्या एका मोठ्या डॉक्टरना पत्र लिहिलं. प्रश्न एकच होता: मी शिकवू शकतो का? उत्तर आलं, दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेलं. गोळ्या नियमित घ्या, काम सोडू नका, उपचार सुरू झाल्यावर वर्गाला तुमच्यापासून धोका नाही; खडूतून, भांड्यातून, कागदातून हा रोग पसरत नाही. त्या आठवड्यात सर पुन्हा पूर्वीसारखे दिसत होते. ते पत्र घेऊन ते प्रिन्सिपॉलना भेटायला निघाले आणि मला म्हणाले, सोबत चल.

प्रिन्सिपॉलसाहेब सभ्य माणूस. उभे राहिले, खुर्ची दाखवली. पण सरांनी पत्र पुढं केलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात टेबलाखाली गेले.

“आपणच वाचून दाखवा ना,” ते म्हणाले. “आपला आवाज चांगला आहे.”

सरांनी वाचलं. आधी इंग्रजीत, मग, गरज नसताना, मराठीत.

“मला पटतं हो,” प्रिन्सिपॉल म्हणाले. “मी शिकलेला माणूस आहे. मला काही शंका नाही. पण होस्टेलच्या पोरांचे पालक? उद्या मेसमध्ये कोणी जेवलं नाही तर मी काय सांगू? हे पत्र वाचून दाखवू?”

“दाखवा की.”

“सर, तुम्ही भोळे आहात.”

पुढं रजेचं बोलणं झालं. रजा म्हणजे काय, ते तिघांनाही कळलं होतं. सर एकदाच मध्ये म्हणाले, “माझं राहू द्या. पेटीचं सांगा.”

“पेटी अवश्य ठेवू. मानानं ठेवू. फक्त रीतसर निर्जंतुक करून.”

सर ‘चालेल’ म्हणाले. निर्जंतुक कशानं करणार, हे त्यांनी विचारलं नाही. फॉर्मलिनची वाफ देतील, तिनं शाईला काही होत नाही, असं त्यांना वाटलं असावं. रसायनशास्त्राचं खातं होतं, सगळी त्यांनीच शिकवलेली माणसं होती.

सरांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. काकू तिला घेऊन यवतमाळला भावाकडे गेल्या; सर नोकरीनिमित्त बाहेरगावी आहेत, असं तिकडं सांगायचं ठरलं. सरांनी रोग्यांच्या एका वसाहतीत जायचं ठरवलं. गोळ्या तिथं वेळेवर मिळत, आणि स्लाइडी तपासायला माणूस हवा होता. निघण्याआधी दक्षिणेच्या डॉक्टरांचं पत्र आणि खाकी पाकीटही पेटीत ठेवून त्यांनी पेटी कॉलेजात पोचती केली. एसटीनं त्यांना पोचवायला मी गेलो. वैशाखाचं ऊन होतं. सर शेवटच्या बाकावर खिडकीशी बसले आणि त्यांनी हातांवर शाल घेतली. कंडक्टर म्हणाला, “काय हो मास्तर, थंडी वाजून राहिली का?” सर म्हणाले, “हो, थोडी.” वसाहतीच्या फाटकापर्यंत त्यांनी शाल काढली नाही.

तिथून त्यांची पत्रं येत. सुरुवातीला स्वतःच्या हातची, मग अक्षर मोठं मोठं होत गेलं, एका ओळीत तीन-चार शब्द. मग एकदा पत्र दुसऱ्याच अक्षरात आलं. बोटं आखडली आहेत, कंपाउंडरला सांगून लिहवतो आहे, असं त्यात होतं. तब्येतीबद्दल तेवढंच. बाकी पेटी. ‘लायब्ररीत लागली का? दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाहून ये. लागली असेल तर मुलं कोणतं पत्र आधी उचलतात ते कळव.’

दिवाळीत मी अमरावतीला गेलो. ग्रंथपाल म्हणाले, आमच्याकडे पेटी आलीच नाही. डेमॉन्स्ट्रेटर मित्राला गाठलं. “अरे, प्रयोगशाळेमागच्या खोलीतच आहे,” तो म्हणाला. “पावसाळाभर तिथंच ठेवली. सायेब म्हणे, चांगली चार महिने राहू द्या, मंग नेऊ.”

खोली उघडली तर पटकीच्या वर्षी विहिरीतून यायचा तो वास आला.

“ब्लीचिंग पावडर?” मी विचारलं.

“हो. म्युनिसिपालिटीतून मांगून आणली. म्या स्वतः केलं, शिपायाले हात लावू देला नाही. रबरी मोजे घातले, एकेक पुडी सोडली, एकेका कागदावर भुरभुरवली, पुन्हा तशीच घडी केली. दोन दिवस लागले मले.”

त्यानं झाकण उघडलं. पापडाच्या लाट्यांवर पिठी भुरभुरावी तशी प्रत्येक घडीत पांढरी भुकटी होती, ओल लागून ठिकठिकाणी गोळे झालेली. मी वरची पुडी उघडली. वर विद्यापीठाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता, टेलिफोन, सगळं काळंभोर, काल छापल्यासारखं. खाली कोरा कागद. कुठं कुठं पिवळट ओरखडे, तेही डोळ्यांसमोर कागद तिरका धरला तर. दुसरी उघडली. मथळा, आणि खाली काही नाही. तिसरी. कागद कडेनं मोडत होता.

मित्र माझ्या खांद्यावरून पाहत होता. मग तो मागं सरून स्टुलावर बसला.

पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला सर एक प्रयोग करून दाखवत. अर्धा छापलेला, अर्धा दौतीच्या शाईनं लिहिलेला ओला कागद क्लोरीनच्या बरणीत सोडायचा. लिहिलेलं उडून जातं, छापलेलं राहतं. ओल लागली की ब्लीचिंग पावडरीतून हाच क्लोरीन सुटतो. आम्ही दोघांनी तो पाहिला होता. माझा मित्र तर आता दरवर्षी मुलांना स्वतः करून दाखवत होता.

“पण कोरडी होती रे,” तो म्हणाला. “कोरडी पावडर होती.”

“पावसाळा होता.”

“हो. पावसाळा होता.”

मी विचारलं, “एवढी कावून टाकली?”

“भेव वाटे.”

“प्रिन्सिपॉलले?”

“मलेबी. खोटं कायले बोलू तुह्याशी? ते जे बीकर उचलत ते मी नंतर उचलतच नव्हतो. त्याईनं मले शिकवलं, त्याईच्या शिफारशीवर मी इथं लागलो, अन् मी त्याईचे बीकर ॲसिडात बुडवून ठेवत होतो. डोकं चालतच नव्हतं माह्यं. नुस्तं मारून टाका, मारून टाका, एवढंच डोक्यात.”

आम्ही सगळी पेटी उपसली. दक्षिणेच्या डॉक्टरांचं पत्रही त्यातच होतं. कागदातून हा रोग पसरत नाही ही ओळ ज्या बाजूला होती, ती बाजू पूर्ण कोरी होती.

हातानं लिहिलेल्यातलं शाबूत राहिलं ते एकच, शिसपेन्सिलीचं. सरांची सवय अशी, की पत्र आलं की कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात आल्याची तारीख आणि एका ओळीत आपण काय विचारलं होतं ते टिपून ठेवायचं. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, त्याला क्लोरीन काही करत नाही. कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात तेवढं होतं. ‘वाळ शेंड्याकडूनच का?’ ‘प्लेगमध्ये आधी उंदीर मेले हे प्रथम कोणी पाहिलं?’ ‘मी शिकवू शकतो का?’ माझ्या पत्राच्या कोपऱ्यात माझं नाव, आणि ‘अकोट. एका विहिरीत डाळ शिजते, दुसरीत नाही. का?’

प्रिन्सिपॉलसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. एक कागद त्यांनी आता हातात घेतला, उजेडाकडे धरला. “छापील भाग फार सुंदर राहिला आहे,” ते म्हणाले. “एवढी परदेशी विद्यापीठं! काचेत लावू. सरांनाही समाधान.” मी पेटी मागितली. त्यांनी लगेच दिली.

पेटी घेऊन बाहेर पडलो तर मित्र फाटकापर्यंत आला.

“त्याईले काय लिवशील?”

“काय लिहू?”

“लागली म्हणून लिहून टाक. टेबलावर ठेवली, पोरं वाचून राहिले. ते काय पाहाले येऊन राहिले का इथं? वाटलं तं माह्यं नाव घालून दे, यानं लावली म्हणून.” तो असं बोलत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता.

मला ते पटत चाललं होतं. अकोल्याला पेटी ठेवली आणि उरलेली सुट्टी अकोटला गेलो. बापाला आता दम लागत होता, जिनिंग सुटली होती, तो दारात बसून असे. त्याला सगळं सांगितलं.

“सरानं तुले इचारलं न?”

“हो.”

“मंग?”

“खरं सांगतलं तं ते खचतीन, बा. तिथं दुसरं काय आहे त्याईले?”

“अन् खोटं सांगतलं तं बरे होतीन का?” बाप खोकला, थुंकला, तोंड पुसलं. “त्याच्या बाबतीत सारे खोटंच सांगून राहिले. बायको खोटं सांगते, कॉलेजवाले खोटं सांगते, तूबी सांग. मंग त्यानं इचारावं कोनाले?”

मी अकोल्याला परत येऊन पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी नक्कल करून ठेवली. उत्तर आलं नाही. पत्रात कळवल्याप्रमाणे मी रविवारी वसाहतीत गेलो तेव्हा सर व्हरांड्यात बसले होते. पत्र पोचल्याचं त्यांनी सांगितलं आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. शाळेत काय शिकवतोस, मुलं प्रश्न विचारतात का, एवढं विचारलं. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. मूत्रपिंडं गेली. नक्कल माझ्याकडे आहे, ती जशी आहे तशी देतो.

सर,

तुमचं पत्र मिळालं. दिवाळीत अमरावतीला जाऊन आलो.

पेटी लायब्ररीत लागली नाही, आणि आता लागणारही नाही. निर्जंतुक करण्यासाठी तिच्यात ब्लीचिंग पावडर घातली होती आणि ती पावसाळाभर बंद होती. पुढं काय झालं असेल ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. हातानं लिहिलेलं एकही पत्र वाचता येत नाही. मी प्रत्येक कागद उजेडात धरून पाहिला. खाकी पाकिटातली टाइप केलेली चांगली आहेत. छापील मथळे चांगले आहेत. तुम्ही कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं चांगलं आहे.

ज्यानं पावडर घातली त्याचं नाव तुम्ही विचारलंत तर मी सांगेन. त्यानं दोन दिवस बसून, काळजीनं, घाबरून ते केलं. तो माझ्यासमोर रडला नाही, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

प्रिन्सिपॉलसाहेब मथळे काचेत लावायला तयार होते. मी नको म्हटलं आणि पेटी अकोल्याला आणली. तुम्हाला न विचारता हे केलं. चुकलं असेल तर कळवा, परत नेऊन देईन.

पेटी लागली असं लिहून टाक, असा सल्ला मला मिळाला; बाप तेवढा नको म्हणाला. मी तसं पत्र लिहून पाहिलं. मुलं कोणतं पत्र आधी उचलतात हे तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तरसुद्धा रचलं होतं. वाचताना ते खरं वाटत होतं. म्हणून फाडलं.

इंग्लंडहून मला आलेलं उत्तर मला पाठ आहे. बाकीच्यांनी काय लिहिलं होतं ते आता तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुम्ही सांगाल आणि मी लिहून घेईन, असं मनात आलं होतं. पण ते माझं अक्षर होईल, आणि तुम्ही अक्षरासाठीच एवढी वर्षं थांबत होता. तेव्हा ते तुम्ही म्हणालात तरच.

सर, तुम्ही मला विचारलंत म्हणून हे लिहिलं. विचारलं नसतंत तर माझी हिंमत झाली नसती.

मी येत्या रविवारी येतो. पेटी आणायची की नाही ते कळवा. काही कळवलं नाहीत तर आणणार नाही आणि तिचा विषयही काढणार नाही. काकूंचं पत्र यवतमाळहून माझ्या पत्त्यावर आलं आहे, ते सोबत आणतो. डॉक्टरांनी सांगितलेलं हाताला लावायचं तेल इथं मिळालं, तेही आणतो. सकाळच्या एसटीनं निघेन, दुपारपर्यंत पोचेन.